बिनचूक गुरुवार

दीनानाथ खासनीस एकसष्ट वर्षांचा झाला, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले. चाळीस वर्षं त्याने बातमीदारीत घालवली आणि त्यातली बावीस इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावच्या 'बीकन' साप्ताहिकाच्या संपादकाच्या खुर्चीत. गावातले नगरसेवक त्याला वचकून असत. त्याचा फोन आला की ते हमखास 'मीटिंगमध्ये' जात. आणि असा हा माणूस दर गुरुवारी सकाळी अकराला पाच कमी असताना ऑफिसमधल्या स्टेशनरीच्या कपाटात शिरायचा आणि आतून दार ओढून घ्यायचा. कारण अकराच्या ठोक्याला त्याच्या आईचा फोन यायचा.

"दीना," आई म्हणायची, "आज सात."

सात म्हणजे सात चुका. त्यानंतर पंधरा मिनिटं एकेक चूक पुराव्यानिशी. दीनानाथ शाईच्या डब्यांवर डोकं टेकवून "हो आई, बरोबर आहे आई" म्हणत राहायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, "ब्लेचलीचा एक वाचक होता."

डॉ. उल्का खासनीस, वय अठ्ठ्याऐंशी, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, मुक्काम शेजारचं ब्लेचली. नवऱ्याबरोबर सदुसष्ट साली इंग्लंडात आल्या. लोकांच्या शरीरात काय बिघडलंय ते काचेच्या पट्टीवर शोधण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर डोळ्यांना काम उरलं नाही, आणि नेमका त्याच सुमाराला मुलगा संपादक झाला. बिचाऱ्याचं नशीब. शुद्धलेखनाकडे त्या ढुंकूनही बघत नसत, ते काम कॉम्प्युटरचं. त्यांना हवी असायची खरीखुरी, मांसल चूक. 'बीकन'ने छापलं की तळ्याकाठी तळ्याकडे तोंड करून नवा बाक बसवला, तर या बाई पेपर दारात पडताच पहिली बस पकडून जायच्या, बाकावर बसायच्या, समोर कार पार्क दिसतोय याची खात्री करायच्या आणि परत यायच्या. भाजीपाल्याच्या स्पर्धेत कुणाचा भोपळा एकवीस किलोचा निघाला असं छापलं, तर त्या भोपळेवाल्याला फोन लावायच्या. एकदा एका आजीबाईंच्या शंभरीची बातमी आली. उल्काताईंनी त्यांच्या धाकट्या भावाला गाठून सिद्ध केलं की आजीबाई नव्व्याण्णवच्याच आहेत. त्या घरात केक आधीच कापून झाला होता. पुढल्या वर्षी तो पुन्हा कापावा लागला.

आईचं मूळ दुखणं वेगळंच होतं असं दीनानाथला वाटायचं. त्याने डॉक्टर व्हायचं होतं. धाकटी बहीण नीना डॉक्टर झाली, तीही हृदयाची मोठी, आईच्या हॉलमध्ये तिचे पाच फोटो आहेत. दीनानाथ शाळेत बेडूक फाडायच्या तासाला चक्कर येऊन पडला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने त्या प्रसंगाची बातमी लिहून शाळेच्या भित्तीपत्रकात दिली. तिथेच सगळं ठरलं. एकवीस वर्षांचा असताना तो 'बीकन'मध्ये चिकटला. फुलांची प्रदर्शनं, चोरीला गेलेल्या सायकली, चर्चच्या छताची वर्गणी करत करत संपादक झाला. आईने एवढंच विचारलं, "म्हणजे आता चुकांना जबाबदार कोण? तूच ना?"

बावीस वर्षांत कमीत कमी चुका झाल्या तो अंक नाताळचा. पानं आठ, त्यातली सहा जाहिरातींची. त्यातही एक निघालीच. शून्य कधीच नाही. आणि आता तो निवृत्त होत होता. मालकांनी गोड बोलून वेळेआधी घरी बसवलं होतं म्हणा, पण ते एक असो. हाताशी एकच अंक उरला होता, आणि दीनानाथने मनाशी पक्कं केलं: हा अंक शून्याचा. आईच्या तोंडून एकदा 'शून्य' ऐकायचं, मग खुशाल बागेतलं गवत कापत बसायचं.

त्या आठवड्यात त्याने ऑफिसचा जीव खाल्ला. ऑफिस म्हणजे तरी कोण? एक ग्रॅहम, जो पानं लावायचा. आणि एक ईशिता, वेम्बलीत जन्मलेली तरुण बातमीदार, जिच्यासाठी दीनानाथ इंग्रजीत 'डीन' असायचा आणि संकटात 'काका'. तिला त्याने तळ्यावर बदकं मोजायला तीनदा पाठवलं. पहिल्या पानाची मुख्य बातमीच बदकांची होती: रस्ता ओलांडणाऱ्या बदकांसाठी कौन्सिल नवी पाटी लावणार होती.

"काका, बदक अकरा आहे," ईशिता फोनवरून ओरडली.

"काल बारा होते ना?"

"एक फिरायला गेली असेल! मी काय त्याची हजेरी घेऊ?"

"थांब तिथेच. परत आली की फोन कर."

त्याने पाद्रीबाबांना त्यांच्याच नावाबद्दल दोनदा विचारलं. रेडवेवर, म्हणजे सायकलींच्या लाल वाटेवर, सायकल चालवणाऱ्या एका आजोबांना वय विचारलं आणि वर पासपोर्ट मागितला. चोवीसच्या चोवीस पानं चार-चार वेळा वाचली. बुधवारी दुपारी त्याला खात्री पटली: यात चूक नाही. असूच शकत नाही. बारावं बदक परतलं तर तेवढा आकडा बदलायचा, बाकी पानाला हातसुद्धा लावायचा नाही.

आता इथे इंग्लंडातल्या पेपरवाल्यांच्या दोन जुन्या रिती सांगायला हव्यात, त्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. कुणी नोकरी सोडून चालला की सहकारी त्याच्यासाठी गुपचूप एक खोटं पहिलं पान तयार करतात. दिसायला हुबेहूब पेपरासारखं, मजकूर मात्र सगळा त्या माणसाची टर उडवणारा. ते चौकटीत घालून त्याला भेट देतात. आणि तो दारातून बाहेर पडताना सगळे मिळून पट्ट्या, डबे, जे हाताला लागेल ते टेबलावर बडवतात. हाच निरोप. पूर्वी छापखान्यात लोखंडी ठोकळे बडवायचे, आता काम ऑफिसच्या पट्टीवर भागतं.

तर ग्रॅहम आणि ईशिताने तसं पान केलं होतं. आठवडाभर खपून, दीनानाथ जेवायला गेला की काढून, आला की झाकून. बुधवारी चारला ते पुरं झालं आणि ग्रॅहमने ते खऱ्या पानाशेजारीच ठेवलं. त्याच फोल्डरमध्ये. माणसाने इतकंही निर्धास्त असू नये.

पावणेपाचला ईशिताचा तळ्यावरून फोन आला, बारावं बदक परतलं. ग्रॅहमने बातमीत अकराचे बारा केले आणि केक आणायला निघाला. जाताना म्हणाला, "आल्यावर छापखान्याला पाठवतो, साडेपाचपर्यंत वेळ आहे." पण मिल्टन कीन्समध्ये आल्यावर म्हणजे कधी, ते चौकाचौकातले गोल राउंडअबाउट ठरवतात. पाच वीस झाले, ग्रॅहमचा पत्ता नाही. पाच पंचवीस. दीनानाथ ग्रॅहमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात त्याने स्वतः एकही पान छापखान्याला पाठवलेलं नव्हतं. पण ऑफिसच्या भिंतीवर त्याच्याच सहीचा एक नियम डकवलेला होता: नेहमी सर्वांत नवी फाइल पाठवावी. तो ग्रॅहमच्या खुर्चीत बसला. फोल्डर उघडला. सर्वांत नवी फाइल शोधली. उघडून बघावी असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण उघडली आणि चुकून बोट लागून एखादं बदक इकडचं तिकडे झालं तर? त्याने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

सहा वाजता केक आला, ईशिता आली, तिच्या बुटांना चिखल होता. मग दोघांनी स्टीलच्या पट्ट्या घेतल्या आणि टेबलं बडवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे इन्शुरन्सवाले वर येऊन बघून गेले. दीनानाथला भरून आलं. तो रडला, आणि रडला त्याची त्याला लाज वाटली नाही. ग्रॅहमने पाठीमागून चौकट काढून त्याच्या हातात दिली.

दीनानाथने डोळे पुसले आणि वाचलं. मोठ्या अक्षरांत मथळा होता: 'संपादक अखेर घरी. बदकांनी सोडला सुटकेचा निःश्वास.' खाली अठ्ठ्याण्णव सालचा फोटो, बदकांच्या शर्यतीची बातमी घ्यायला गेलेला दीनानाथ कालव्यात कमरेपर्यंत. त्याखाली बातम्या: याने एकदा राउंडअबाउटची रुंदी गळ्यातल्या टायने मोजली. त्या राउंडअबाउटला याचं नाव द्यावं अशी मागणी, कारण दोघंही माणसाला गोल गोल फिरवतात. कोपऱ्यात छोटी जाहिरात: 'जुना संपादक देणे आहे, स्थिती चांगली, स्वतः येऊन न्यावा.' आणि मधोमध चौकटीत खास वृत्त: "'बीकन'चे खरे संपादक कोण? ब्लेचलीच्या डॉ. उल्का खासनीस. बावीस वर्षं दर गुरुवारी अकरा वाजता त्या चुका सांगतात आणि नामधारी संपादक कपाटात उभे राहून ऐकतात. एकसष्टाव्या वर्षीही त्यांना आईची भीती वाटते. आमच्या माहितीप्रमाणे, त्यांना आईने आजवर एकदाही शाबास म्हटलेलं नाही."

"तुम्हांला कसं कळलं?" दीनानाथने विचारलं.

"काका, कपाटाचा दार पातळ आहे," ईशिता म्हणाली. "आणि ऑफिसमध्ये मराठी मलाच येतो ना. पाच वर्षं ऐकते मी."

दीनानाथला हसू आलं. हसता हसता त्याची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत वेळ होती, फाइल पुरी झाल्याची. चार वाजून दोन मिनिटं.

"ग्रॅहम," त्याने विचारलं, "बदकांचं पान तू किती वाजता सेव्ह केलंस? छापखान्याला मी सर्वांत नवी फाइल पाठवलीय."

ग्रॅहमने आठवलं. मग त्याचा चेहरा केकवरच्या आयसिंगसारखा झाला. घाईत अकराचे बारा करून तो फाइल सेव्ह न करताच केक आणायला पळाला होता. म्हणजे फोल्डरमधली सर्वांत नवी फाइल कुठली, हे सांगायची गरज उरली नाही.

छापखान्याला फोन लावला. तिथला माणूस शांत होता. अर्धी छपाई झाली होती, थांबवायची तर मालकांची परवानगी हवी होती, आणि मालक जहाजावर सुट्टीला गेले होते.

"अहो, पण पान बघून तुम्हांला काही वाटलं नाही?" ईशिताने फोन हिसकावून इंग्रजीत विचारलं.

"वाटलं ना," तो म्हणाला. "म्हटलं, या आठवड्यात जरा बऱ्या बातम्या दिसतायत."

गुरुवारी सकाळी चौदा हजार प्रती घराघरांत गेल्या. नऊपासून ऑफिसचे फोन वाजायला लागले. दोन बायकांनी संपादक अजून आहे का, गेला का, अशी चौकशी केली. तिसरीने तो बागकाम करतो का ते विचारलं. एका गृहस्थांनी राउंडअबाउटच्या नावाला लेखी हरकत घेतली, ते आपल्या दिवंगत कुत्र्यासाठी मागत होते. ईशिता सगळ्यांची नावं लिहून घेत होती. निरोप घेऊन झाला होता तरी दीनानाथ आला होता, पण तो काहीच ऐकत नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता. अकराला पाच कमी झाले तसा तो उठला आणि मुकाट्याने कपाटात जाऊन उभा राहिला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी सवय.

अकराला फोन वाजला.

"दीना," आई म्हणाली, "घरी ये. हे फोनवर व्हायचं नाही."

ब्लेचलीपर्यंत त्याला अकरा राउंडअबाउट लागले. त्यातल्या दोहोंना त्याने जास्तीचे फेरे मारले, तेवढाच वेळ जावा म्हणून.

उल्काताई डायनिंग टेबलापाशी बसल्या होत्या. चष्मा, भिंग, लाल पेन, शेजारी फोन. पेपर दोन भागांत होता. आतली पानं नीट घडी करून एका बाजूला, पहिलं पान समोर.

"बस," त्या म्हणाल्या. "आतली तेवीस पानं बघून झाली. पाद्रीबाबांना फोन केला, सायकलवाल्या आजोबांना केला. शून्य."

दीनानाथला वाटलं आपण ऐकण्यात काहीतरी गफलत केली. "शून्य?"

"तेवीस पानं म्हटलं. अंक चोवीस पानांचा असतो."

"आई, पहिला पान जोक आहे गं. चुकून छापला गेला. त्यातला काही धरू नकोस प्लीज."

"चौदा हजार प्रती छापल्यास ना? मग ते बातमीतच धरणार." त्यांनी पेनचं टोपण काढलं. बावीस वर्षं ज्या शून्यासाठी झुरलो ते आता या गाढव पानापायी हातचं जाणार, हे दीनानाथला स्पष्ट दिसलं.

"बदकांनी निःश्वास सोडला," त्यांनी वाचलं आणि क्षणभर विचार केला. "बदकं श्वास सोडतातच. बरोबर. कालव्यात पडला होतास?"

"हो."

"मला सांगितलं होतंस पाऊस लागला म्हणून. टायने रस्ता मोजलास?"

"टेप विसरलो होतो."

"राउंडअबाउटला नाव द्यावं अशी मागणी. कुणाची मागणी?" आणि दीनानाथने उत्तर द्यायच्या आत त्यांनी ऑफिसला फोन लावला. "ईशिता का? मी उल्का खासनीस. ही मागणी खरंच केलीत तुम्ही, की उगाच लिहिलंत?"

"केली ना आजी," पलीकडून ईशिताचा घाबरा आवाज आला. "मंगळवारी, चहाच्या टायमाला. मी आणि ग्रॅहम. दोन मतं पडली."

"ठीक." त्यांनी फोन ठेवला. "आता ही जाहिरात. जाहिरातीतल्या चुका मी धरत नाही." तरी 'स्थिती चांगली' या शब्दांपाशी थांबून त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्याच्या पोटाशी नजर जरा रेंगाळली, पण पेन टेकवलं नाही. "कपाटात उभं राहून माझा फोन घ्यायचास?"

"हो आई."

"बावीस वर्षं? त्यात हवा तरी असते का?"

"थोडी."

पेन पुढे सरकलं. उल्काताईंनी पुढची ओळ मनात वाचली. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझी भीती वाटते तुला?"

दीनानाथ टेबलक्लॉथवरची फुलं बघत राहिला. 'छे गं, तुझी कसली भीती' असं म्हणणं किती सोपं होतं! कुठल्याही आईला तेच बरं वाटलं असतं. पण तसं म्हटलं की ओळ खोटी, ओळ खोटी की एक चूक, आणि एक म्हणजे शून्य नव्हे. आणि खरं सांगितलं तर एकसष्ट वर्षांच्या माणसाने आपल्या म्हाताऱ्या आईच्या तोंडावर तिची भीती वाटते म्हणायचं. त्याला दोन्हींची लाज वाटत होती. अखेर त्याच्यातला पेपरवाला जिंकला.

"वाटते," तो म्हणाला. "बुधवारपासूनच वाटायला लागते. जेवण जात नाही बुधवारी."

उल्काताईंनी पेन टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं तुला या फोनची मजा वाटते. मला फार वाटायची. नीनाशी मी काय बोलणार? तिचं काम मला कळतं, ती चुकत नाही, दोन मिनिटांत फोन संपतो. तुझ्याशी पंधरा मिनिटं बोलायला मिळायचं. त्यासाठी मी बसने तळ्यावर जायचे रे, थंडीत."

"पण चुका तर खऱ्या असायच्या ना?"

"म्हणजे काय! खोट्या कशाला काढीन?" त्या एकदम ताठ झाल्या आणि पुन्हा पानाकडे वळल्या. "आता शेवटची ओळ. 'आईने एकदाही शाबास म्हटलेलं नाही.'"

त्या आठवायला लागल्या. खूप मागे गेल्या असाव्यात. बेडकापर्यंत, कदाचित त्याच्याही आधी. दीनानाथने मदत केली नाही. फ्रिज घरघरत होता, बाहेर कुणीतरी कुंपणाची झाडं कापत होतं.

"नाही म्हटलं," त्या अखेर म्हणाल्या. "बरोबर छापलंय."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. पहिलं पान उचललं, आतल्या तेवीस पानांवर ठेवलं आणि हाताने सारखं केलं.

"दीना, आज शून्य."

दीनानाथला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण उडी मारू. गुडघ्यांमुळे ते जमलं नसतंच. तो नुसता बसून राहिला आणि त्याचं नाक वाहायला लागलं. आईने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरलं.

"काय झालं आई?"

"आत्ता म्हणता येत नाही," त्या बोटांच्या फटीतून म्हणाल्या. "पेपर गुरुवारचा आहे. आज गुरुवार. आज मी ते म्हटलं की तुझी ती ओळ चुकली. मग गेलं तुझं शून्य."

"मग?"

"उद्या ये. शुक्रवारी. सकाळी लवकर ये."

दीनानाथने घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी. दुपार, संध्याकाळ, अख्खी रात्र मध्ये पडली होती. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला.

"मी इथेच राहतो," तो म्हणाला.

"राहा," उल्काताई म्हणाल्या आणि भात टाकायला उठल्या.